वकिलाच्या दारातली चूल

नवऱ्याचं नाव घेऊ नये, अशी आमच्याकडची रीत आहे. मी घेते. मार्तंडराव वकील, मुक्काम जालना. आवाज मोठा, अक्कल बेताची. त्यांना मध्ययुगीन इतिहासाचा छंद होता आणि त्या छंदापायी हिवरवाडीच्या झुंबरबाईवर बेघर व्हायची वेळ आली, त्याची ही गोष्ट. छंद करणाऱ्याचं सहसा काही बिघडत नाही, बिघडतं ते दुसऱ्याचंच.

हा छंद काही लहानपणापासूनचा नव्हता. निजामाच्या राज्यात यांनी वकिली केली ती उर्दूतून. शेरवानी घालून कोर्टात जायचे आणि मराठीत पत्र लिहायची वेळ आली की माझ्याकडून लिहून घ्यायचे. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झालं, राज्य गेलं आणि पुढच्या दिवाळीच्या आत शेरवानी ट्रंकेत जाऊन पडली. तिच्या जागी धोतर आलं, कपाळाला गंध आलं आणि आमच्या घरात यादव आले. देवगिरीच्या राजांबद्दल हे असं बोलायला लागले, जणू कालच त्यांच्याकडे चहा पिऊन आलेत. मी विचारलं, इतकी वर्षं हे राजे कुठे होते? तर म्हणाले, ‘दडपलेले होते.’ दडपलं कुणी होतं, ते मला ठाऊक होतं. त्या राज्यात पानसुपारीला आधी हजर राहणारे हेच होते.

यांच्या जोडीला केशवराव हेडमास्तर. दोघांनी मिळून एक इतिहास मंडळ काढलं. अध्यक्ष हे, चिटणीस केशवराव, सभासद कुणी नाही. दोघंही एकदम बोलायचे आणि दोघांनाही वाटायचं, समोरचा ऐकतोय. दर रविवारी मी बांधून दिलेल्या दशम्या घेऊन भोकरदनच्या बसमध्ये बसायचे, वाटेत कुठल्यातरी फाट्यावर उतरायचे आणि गावात शिरून विचारायचे, ‘तुमच्याकडे काही जुनं आहे का?’ गावकरी बिचारे घरातली म्हातारी माणसं बाहेर आणून बसवायचे. पण यांना म्हातारी माणसं नको असायची. त्यांना दगड हवे असायचे.

अंगणात दगड साचत गेले. मुंडकं नसलेला नंदी, खांबाचा तुकडा, कुठल्यातरी देवाचे नुसते पाय. एक दिवस माझं उखळ सापडेना. शोधता शोधता ते नंदीच्या शेजारी मिळालं, वर चिठ्ठी डकवलेली: ‘यादवकालीन धान्यपात्र’. ते उखळ माझ्या वडिलांनी माझ्या लग्नात पाथरवटाकडून घडवून घेतलं होतं. मी ते उचलून स्वयंपाकघरात नेलं, तर हे मागून म्हणाले, ‘घडण मात्र त्याच परंपरेतली आहे.’ असल्या माणसाशी भांडायला माझ्याकडे वेळ नव्हता, मला चटणी कांडायची होती.

अठ्ठावन्न साली संक्रांत उलटल्यावर हे एका बैलगाडीबरोबर घरी आले. गाडीत गवतावर निजवलेला एक दगड होता. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे हिवरवाडी नावाची वस्ती आहे, तिथल्या पुंजारामच्या रानात बांधावर तो उभा होता. माझ्या खांद्याला लागेल एवढा उंच आणि वरून खालपर्यंत शेंदराचा जाड थर. सतीचा दगड. यांचा आनंद पोटात मावत नव्हता.

“अर्ध्या तासात पटवला त्याला,” हे म्हणाले. “म्हटलं, बाबा रे, हा आपल्या संस्कृतीचा ठेवा. तो उन्हापावसात पडू देणं पाप आहे. अडाणी माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. स्वतःची गाडी जुंपून दिली, खर्चसुद्धा घेतला नाही.”

बांधावरचा दगड वीतभर सरकला तरी शेतकरी डोकी फोडतो, हे यांनी उभ्या वकिलीत पाहिलेलं. त्या खटल्यांवर आमचं घर चाललं. तो शेतकरी आपण होऊन दगड गाडीत घालून देतो, वर पैसेही घेत नाही, तेव्हा त्याच्या मनात काहीतरी शिजत असणार, एवढं साधं यांना कळलं नाही. यांना वाटलं, आपल्या वाणीचा प्रभाव.

दुसऱ्या दिवशी हे आणि केशवराव रॉकेलचा डबा आणि लोखंडी ब्रश घेऊन दगडाला भिडले. शेंदूर थरावर थर निघत होता आणि त्यात काच होती. बांगड्यांचे तुकडे, हिरवे, तांबडे, काळे, काही इतके जुने की रंग ओळखू येत नव्हता. केशवरावांचं बोट कापलं. त्यांनी ते तोंडात घातलं, शेंदूर जिभेला लागला आणि अर्धा तास थुंकत बसले. मी विचारलं, ही काच कशी काय आली? हे म्हणाले, “खेडवळांचा कचरा. मूळ शिल्प त्याच्या खाली आहे.” तो सगळा कचरा सुपात भरून परसातल्या उकिरड्यावर टाकला.

मूळ शिल्प निघालं. कोपरात दुमडलेला, पंजा वर केलेला बाईचा हात, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, वर चंद्र आणि सूर्य. हात सुंदर होता, ते खोटं कशाला बोलू. तो पाहून यांनी रात्रंदिवस बसून ‘सतीचे तेज’ नावाचा निबंध लिहिला आणि मला वाचून दाखवला. त्यात ती बाई हसत हसत चितेवर चढत होती, ज्वाळा तिला फुलांसारख्या वाटत होत्या वगैरे. वाचताना यांनी दोनदा थांबून डोळे टिपले. मी भाकरी करत होते, तव्यावरची भाकरी उलटताना बोट पोळलं तर मी हात झटकला. यांनी वर पाहून विचारलं, “लक्ष आहे ना?” जळून गेलेल्या बाईबद्दल या माणसाला केवढा उमाळा, आणि स्वयंपाकघरात जिवंत असलेल्या बाईचं बोट याला दिसत नव्हतं. मला त्या निबंधाची शिसारी आली, आणि मी तसं सांगितलं. ‘तुला दृष्टी नाही,’ असं उत्तर मिळालं.

पंधरा-वीस दिवसांनी दोन बाया दारात आल्या. एक सोनूबाई, म्हातारी, बोडक्या कपाळाची. दुसरी तिची पुतणसून झुंबरबाई. विशी नुकती ओलांडलेली, कपाळ तसंच बोडकं, आणि कमरेला फडक्यात काहीतरी गच्च बांधलेलं. हे ओट्यावर पान खात बसले होते.

“साहेब, आमची सती इथं आणून ठिवली म्हणून आल्तो,” सोनूबाई म्हणाली.

“दर्शन घ्यायचंय? घ्या. पण लांबून. हात लावायचा नाही.”

“दर्शन न्हाई साहेब,” झुंबरबाई म्हणाली. “चुडा भरायचा हाय. वरीस सरायच्या आत भरावा लागतो.”

चुडा म्हणजे शेंदूर आला, तेल आलं. हे उठून दगडाच्या पुढे जाऊन उभे राहिले. “बिलकुल नाही. आता ही पूजेची वस्तू नाही, संग्रहातली आहे. आणि बाई, हे सगळं आता सोडा. काळ बदललाय.”

जो माणूस सकाळी दात घासताना यादवांच्या सेनापतींची नावं पाठ म्हणायचा, तो तिला सांगत होता की काळ बदललाय. मी दोघींना मागल्या दाराने स्वयंपाकघरात घेतलं आणि चहा टाकला.

सोनूबाईने सगळं सांगितलं. झुंबरबाईचा नवरा गेल्या वैशाखात साप चावून गेला. मूलबाळ नाही. पुंजाराम तिचा थोरला दीर, आणि दगड होता तो त्याच्याच रानात.

“आमच्याकडं नवरा मेला की बाईच्या बांगड्या फोडत न्हाईत, बाई. उतरून ठिवायच्या. वरीस सरायच्या आत गावाम्होरं सतीच्या हाताला शेंदरात दाबायच्या. मंग ज्याच्या रानात सती हाय त्यानं पाच माणसांत म्हणायचं, ही बाई इथली. हिची चूल हलायची न्हाई. हलली तर माझ्या दारात पेटंल.”

“आणि मग?”

“मंग काय. दुसऱ्याची बाई आपल्या दारात कोण बसवून घेईल? रानवाला सासरच्यायला धाकात ठिवतो. त्यो शब्द झाला की बाईला कुणी हुसकीत न्हाई. मी सारा जलम त्या शब्दावर काढला. हिच्यासारखीच होते मी तवा.”

आता मला पुंजारामच्या डोळ्यांतलं पाणी कळलं. रान त्याचं, म्हणजे शब्द द्यायचा त्यानेच, आणि ज्या चुलीबद्दल द्यायचा ती त्याच्याच घरातली. भावाचा हिस्सा गिळायला तो टपलेला. तेवढ्यात दोन शहाणे बसमधून उतरले आणि दगड मागू लागले. त्याने देवाचे आभार मानून गाडी जुंपली असेल.

“दीर म्हणतो, भावाकडं जा,” झुंबरबाई म्हणाली. “भाऊ म्हणतो, ये की चार दिस.” एवढं बोलून ती चहा प्यायला लागली. कमरेचं फडकं तिने एका हाताने धरलेलंच होतं.

मला उकिरड्यावरची काच आठवली. तो एकेक तुकडा म्हणजे एकेक बाई होती, जिची चूल हलली नव्हती. कधीतरी एक जाळली गेली, आणि तिच्या नावावर पुढच्या बायकांनी न जळता जगायची सोय करून घेतली होती. त्या सगळ्या मध्ययुगात शहाणपणाची गोष्ट हीच काय ती मला सापडली, आणि आमच्या मंडळाने ती ब्रशने खरवडून सुपात भरून फेकली होती. मी त्या दोघींना अजून एकेक कप चहा दिला.

संध्याकाळी यांना विचारलं, “नव्या कायद्याने विधवेला हिस्सा मिळतो ना?”

“मिळतो.”

“मग त्या बाईचं काम घ्या.”

“अगं, दिवाणी काम म्हणजे वर्षानुवर्षांची कटकट. आणि पुंजारामविरुद्ध? त्याने दगड दिलाय आपल्याला. शिवाय पुढच्या रविवारी औरंगाबादहून प्राध्यापक येतायत.”

हे प्राध्यापक गिरिधरराव म्हणजे यांच्या लेखी साक्षात परमेश्वर. त्यांनी दगड पाहून मान डोलावली की निबंध कुठेतरी छापून येणार, असं यांनी धरलं होतं. मी म्हटलं, “नुसता दगड दाखवणार? दगड काय, तालुक्यागणिक पडलेत. पण दगडाचा विधी कुणाकडे आहे का? ती बाई तो डोळ्यांसमोर करून दाखवील.”

यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सकाळी अंघोळ करून आले आणि म्हणाले, “मला एक कल्पना सुचली आहे.” मी म्हटलं, सांगा.

रविवारी अंगणात सतरंज्या पडल्या. प्राध्यापक आले, कोट घालून, गळ्यात कॅमेरा. गावचा साज दिसावा म्हणून यांनी पुंजारामला मुद्दाम निरोप धाडला होता आणि तो चार भाऊबंद घेऊन हजर होता. धुतलेला पटका, तोंडावर भक्तिभाव, पाठीमागे एक पोतं. मला वाटलं, वकीलसाहेबांसाठी शेंगा आणल्या असतील. माझा डाव सरळ होता. पाच माणसांत शब्द होऊ दे, तो वकिलाने दिलेला असू दे, मग पुंजारामची झुंबरबाईला हात लावायची छाती होणार नाही. वकिलाला शेतकरी घाबरतात, असा माझा समज होता.

आधी यांचं भाषण झालं. नंतर केशवरावांचं झालं, त्यात यांच्याच भाषणाचा अर्धा भाग होता. मग आमच्या निरोपावरून सोनूबाईबरोबर आलेली झुंबरबाई पुढे झाली. तिने तेलात शेंदूर कालवला, दगडाच्या मनगटाला बोटांनी लावला आणि फडकं सोडलं. हिरव्या बांगड्या होत्या. त्या एकेक करून ती दाबत होती. प्राध्यापक म्हणाले, “बाई, जरा उजेडाकडे तोंड करा. हां, आणि पुन्हा एकदा दाबा.” तिने पुन्हा दाबल्या. एक बांगडी मोडली आणि काच तिच्या तळव्यात गेली. प्राध्यापकांना तो फोटो फार चांगला मिळाला असं नंतर कळलं.

“आता भूस्वामी वचन देतो,” हे प्राध्यापकांना समजावत होते. “भूमी अर्थात आता माझी आहे,” असं म्हणून हसले आणि उपरणं सावरून पुढे झाले. “ही स्त्री येथील आहे. हिचा अग्नी—”

“तसं न्हाई साहेब,” सोनूबाईने अडवलं. “बराबर म्हणा. मी सांगते तसं.”

यांना तर ते फारच आवडलं. नाटकात काम केल्यासारखा आवाज लावून, हात उंचावून, यांनी तिच्यामागून शब्द न शब्द म्हटला: “ही बाई इथली. हिची चूल हलायची न्हाई. हलली तर माझ्या दारात पेटंल.” प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. केशवरावांनी त्याहून जोरात वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर पुंजाराम उठला. घाई नाही, गडबड नाही. त्याने पाठीमागचं पोतं उचलून ओट्यापाशी आणून ठेवलं. आत भांडी वाजली.

“बराबर झालं,” तो म्हणाला. “हिचा तवा, परात, दोन तांबे, सारं हाय. चूल आज सकाळीच हलली, साहेब. तुमी शब्द दिला, आता तुमच्या दारात पेटू द्या. पाच माणसं हायत.” त्याचे भाऊबंद माना हलवत होते.

“अरे, हा नुसता प्रयोग होता,” हे म्हणाले. “पाहुण्यांना दाखवण्यासाठी.”

“परयोग कशाचा, साहेब. तिनं चुडा खराच भरला की.”

आणि तो रामराम करून भाऊबंदांसकट निघून गेला. मी ज्याला डाव समजत होते तो त्याने पोत्यात भरून माझ्याच दारात आणून टाकला होता. मला त्याची चीड आली, पण त्या अंगणात डोकं चालवणारा पुरुष तो एकटाच होता, हेही मी मनात कबूल केलं. प्राध्यापक म्हणाले, “फारच रोचक,” आणि परतीची बस चुकू नये म्हणून उठले. जाताना त्यांनी दगडाकडे एकदा पाहिलं. झुंबरबाई दगडापाशी तळवा दाबून बसली होती, तिच्याकडे पाहिलं नाही.

यांनी माझ्या हातात भाड्याचे पैसे ठेवले आणि म्हणाले, “या दोघींना बसमध्ये बसवून दे.”

“सोनूबाई जाईल. ही कुठे जाणार?”

“म्हणजे? आपल्या गावी.”

“गाव त्या पोत्यात आलंय,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झुंबरबाईला तीन विटा दिल्या. हे म्हणाले, परसात मांडू दे. मी म्हटलं, तुम्ही दार म्हणालात, परसदार म्हणाला नाहीत. तिने ओट्यासमोर, दगडाच्या पायथ्याशीच चूल मांडली. तिथे वारा लागत नव्हता. ओल्या लाकडांचा धूर निघाला आणि आठवड्याच्या आत सतीचा हात कोपरापर्यंत काळा झाला. केशवराव रोज ओलं फडकं घेऊन यायचे, पुसायचे, खोकायचे आणि जायचे. झुंबरबाई त्यांना म्हणायची, “मास्तर, बाजूला सरा, ठिणगी उडंल.”

पक्षकार यायचे ते आधी चुलीकडे बघायचे. “वकीलसाहेब, ही बाई कोण म्हणायची?” हे घाईघाईने त्यांचेच कागद उघडून बसायचे. तरुण विधवा, वकिलाचं दार, आणि पाच माणसांसमोर दिलेला शब्द. जालन्यातल्या लोकांना एवढं पुरतं. बाररूममध्ये हे शिरले की बोलणं थांबायला लागलं. मंदिराच्या पुजाऱ्याने मला बाजूला घेऊन धीर धरायला सांगितलं. मी म्हटलं, धरलाय. खरं तर मी चैनीत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस दिवसभर चालू काळात वावरत होता.

एका रविवारी हे एकटेच हिवरवाडीला गेले, दगड परत घे म्हणायला. पुंजारामने यांना खाटेवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि सांगितलं, “न्हाई साहेब. ठेवा उन्हापावसात टाकला तर पाप लागतं, तुमीच म्हणलं होतं.” हे परत आले तेव्हा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

“अगं, तिला आत तरी घे,” हे म्हणाले. “आतल्या चुलीवर करू दे दोन भाकरी. शिल्पाचं वाटोळं होतंय.”

“तिला आत घेतलं की ती मोलकरीण होते आणि तुमचा शब्द मिटतो. मी घेणार नाही. धूर थांबवायचा असेल तर तिची चूल तिच्या घरात नेऊन मांडा. तुम्ही वकील आहात. त्यासाठी यादवांना विचारायला नको.”

त्या दुपारी यांनी कायद्याचं पुस्तक काढलं. धूळ झटकली. बाईच्या अश्रूंनी नव्हे, तिच्या तळव्यातल्या काचेने नव्हे, दगड काळा होतोय म्हणून. मला कारणाशी काही देणंघेणं नव्हतं. नोटिशीचा पहिला खर्डा वाचायला घेतला तर पहिलं पानभर मध्ययुगातला स्त्रियांचा मान होता. ते पान मी फाडलं. उरलं ते मात्र उत्तम होतं. नेमकं, थंड आणि कुठेही सुटायला जागा नसलेलं. हा माणूस इतकं चांगलं काम करू शकतो हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी इतकी वर्षं चिडलेली होते.

नोटीस पोचली आणि पुंजाराम चार दिवसांत धावत आला. दगडवेड्या वकिलाला कायदाही येतो, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. थोडी रडारड केली, थोडा दम दिला, मग हात जोडले. शेवटी भोकरदनला जाऊन कागद झाला. रानात हिस्सा, विहिरीवर पाळी, घराचे दोन खण, आणि तलाठ्याकडे झुंबरबाईचं नाव लागलं. हे छाती काढून सांगत सुटले, ‘मी लढलो.’ केशवरावांनी मंडळाच्या वृत्तांतात यादवांच्या न्यायपरंपरेवर एक परिच्छेद घातला.

झुंबरबाई निघाली त्या दिवशी तिने विटा जागेवर रचून ठेवल्या, राख भरली, जागा सारवली. तवा, परात, तांबे पोत्यात घातले. मी म्हटलं, “दगडसुद्धा घेऊन जा. गाडी मी बघते. यांना मी बघते. तुमच्या गावचा आहे तो.”

तिने दगडाकडे पाहिलं. शेंदरात तिच्या बांगड्या तशाच होत्या, वर काजळी धरलेली. मग माझ्या घराकडे पाहिलं. ओट्यापासून माडीपर्यंत.

“नको बाई. मला कागद भेटला,” ती म्हणाली. “दगड इथंच ऱ्हाऊ द्या. तुमाला लागंल.”

टोमणा नव्हता. मी तो ओळखते, मला येतो. आजारी माणसाला औषधाची उरलेली बाटली ठेवून जावं, इतक्या सहज ती बोलली. माझ्या दंडाला तिने हात लावला, पोतं डोक्यावर घेतलं आणि बसथांब्याच्या रस्त्याला लागली. मी दारात उभी राहिले.

दुपारी यांना जेवायला वाढलं. भात कालवता कालवता हे शहागडकडच्या कुठल्यातरी पडक्या देवळाबद्दल बोलत होते. मी मध्येच विचारलं, “हे घर कुणाच्या नावावर आहे?”

“भुजंगदादांच्या,” हे म्हणाले. “वडिलांच्या मागे थोरल्याच्या नावावर करून टाकलं. का?”

भुजंगदादा म्हणजे माझे थोरले दीर. मुलाबाळांनी घर भरलेलं. मला मूल नाही. मी हातातली वरणाची पळी पातेल्यात ठेवली.

“जेवण झाल्याबरोबर दादांना पत्र लिहा,” मी म्हटलं, “तुमचा हिस्सा वेगळा करून मागा. आणि माझ्या नावाचा कागद करा. मंडळ नंतर, देऊळ नंतर. नाहीतर त्या विटा आहेत जागेवर, मी उद्यापासून तिथंच भाकरी भाजते.”

यांनी माझ्याकडे बघितलं. बऱ्याच वर्षांनी नीट बघितलं असावं. मग खाली मान घालून म्हणाले, “अगं, मी अजून जिवंत आहे.”

“म्हणूनच,” मी म्हटलं, आणि वरण वाढलं.